दिवस मावळायच्या आत

“वैनी, जेवलासा का?”

दारात अक्का उभ्या होत्या. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. मी दार उघडलं तेव्हा माझे हात ओले होते. म्हणजे मी नुकतीच भांडी विसळून आले असणार, किंवा तुळशीला पाणी घालून. यांतलं नेमकं काय, ते मला आठवेना.

“झालं असेल,” मी म्हणाले.

“झालं असेल? आवो, जेवण तुमचं, पोट तुमचं, आणि असेल काय?”

मी हसले. हसण्यावारी नेलं की माणसं पुढे विचारत नाहीत, हे मला त्या दिवसांत चांगलं कळून चुकलं होतं. पण अक्का तशा सहजी हलणाऱ्या नव्हत्या. त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. पातेलं ओट्यावर ठेवलं, कुकरच्या पोटाला हात लावून पाहिला, मग शेगडीला.

“सगळं गारढोण. सकाळधरनं फोडणीचा वास न्हाई, कुकरची शिट्टी न्हाई. कवा जेवलासा?”

“अक्का, माझं एकभुक्त आहे. दिवसातून एकदाच जेवते मी. दुपारी जेवले असेन तर आता पुन्हा चालणार नाही.”

“आणि दुपारी जेवला नसाल तर?”

मी ओले हात पदराला पुसले. गेले काही दिवस मी स्वतःलाही हेच विचारत होते, आणि दर वेळी तसंच सोडून देत होते. जेवले की नाही ते आठवत नाही, तेव्हा न जेवणंच बरं. जेवले असले तर व्रत मोडायचं नाही, आणि नसले तर एखादा उपास जास्त घडला, त्यात काय वाईट? देवाच्या दारी उपास कधी वाया जात नाही, अशी माझी समजूत. ताट जेवल्या जेवल्या घासून पालथं घालायची सवय, त्यामुळे ताटाकडे बघूनही काही कळायचं नाही.

ही गोष्ट आहे मिरजेची, आमच्या किल्ला भागातल्या घराची. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक मगदूमांचं, म्हणजे अक्कांचं. हे रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिथे राहायला आलो, आणि पुढे दोनच वर्षांत हे गेले. अक्का यांना भाऊ म्हणायच्या. अक्कांचे यजमान त्याही आधीचे गेलेले. दोन मुलगे इचलकरंजीला, मागांच्या धंद्यात. सुनांशी पटेना म्हणून अक्का मिरजेला एकट्या. माझी मृदुला बडोद्याला, तिच्या संसारात.

अक्का जैन. दिवस मावळला की त्या तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखाली वाढणारं काहीच त्यांना चालायचं नाही. आणि माझे सोमवार, प्रदोष, संकष्टी! ते सुटायचे दिवेलागणीनंतर, नाहीतर चंद्र उगवल्यावर. उपासाला मला चालायचा बटाटा, रताळं, शेंगदाणे. त्यांची थाळी मला चालायची नाही, माझी त्यांना. मी जेवायला बसायची तेव्हा त्यांची चूळ भरून झालेली असायची. इतकी वर्षं समोरासमोर राहून आम्ही वाट्या खूप दिल्या-घेतल्या, पण एका पंगतीला कधी बसलो नव्हतो. तशी वेळच जुळली नव्हती.

“उद्या दवाखान्यात जायाचं,” अक्का म्हणाल्या. “माझ्यासंगं.”

“मला काय झालंय?”

“परवा तुम्ही माझ्या दाराची बेल वाजवून, मी दार उघडल्यावर, ‘कोण पाहिजे’ म्हणून मलाच विचारलासा.”

मला ते मुळीच आठवत नव्हतं. त्यांनी ते हसून सांगितलं, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

खरं तर मला भीती वाटत होती. रोजचं स्तोत्र म्हणताना मधलीच ओळ निसटायची. लग्न झाल्यापासून म्हणत आलेलं स्तोत्र, जिभेला वळण पडलेलं. ती ओळ निसटली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा तिथेच अडायची. पायांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. जीभ सोलल्यासारखी व्हायची. मला वाटायचं, आपल्या हातून कुठेतरी काहीतरी चुकलंय आणि देवानं आपलं बोलणं काढून घेतलंय. मग मी आणखी एक उपास धरायची.

मृदुलाला फोनवर बोलण्यातून संशय आलाच होता. “आई, तू मला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतेयस,” असं ती म्हणाली. नंतर म्हणाली, “मी रविवारी येते. इथे एक चांगली जागा आहे. अशा लोकांना फार छान सांभाळतात. घर सध्या बंद ठेवू.”

अशा लोकांना. फोन ठेवल्यावर ते दोन शब्द मात्र मला अगदी नीट आठवत राहिले.

दवाखान्यातली डॉक्टरीण मृदुलाहूनही लहान दिसत होती. शांत मुलगी. तिनं माझे पाय तपासले, जीभ पाहिली, मग म्हणाली, “काकू, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. चमचा, घोडा, पाऊस. आता सांगा बघू, आज काय आहे?”

“आज संकष्टी,” मी म्हणाले. “कार्तिक वद्य चतुर्थी. म्हणूनच मी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही.”

ती अक्कांकडे पाहू लागली. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“वैनी,” त्या हळूच म्हणाल्या, “संकष्टी काल झाली. काल रातच्याला खालच्या देवळात आरती चालली हुती. मी खिडकीतनं ऐकली.”

मला वाटलं, त्या चेष्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धरलेली संकष्टी; मृदुलाच्या वेळी बाळंतपणातही मी ती सोडली नव्हती. आणि काल मी काय केलं होतं? जेवले होते? चंद्र पाहिला होता? काहीच आठवेना. मला रडू आलं. डॉक्टरीण उठली. पेल्यात पाणी ओतून तिनं पेला माझ्यापुढे सरकवला, आणि मी मानेनंच नको म्हटलं, कारण आज माझा उपास होता.

“ते तीन शब्द?” जरा वेळानं तिनं विचारलं.

“घोडा,” मी म्हणाले. त्यापुढे काही सुचेना.

“चमचा आणि पाऊस,” अक्का पुटपुटल्या. “मला आपलं सगळं आठवतंय. माझी सून मला काय काय बोलली ते तर तारीखवार पाठ हाय. ते तेवढं विसरायचं औषध असलं तर द्या.”

डॉक्टरीण हसली. मलाही रडता रडता हसू आलं.

रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन ती म्हणाली, “काकू, घाबरू नका. तुमचा मेंदू म्हातारा झालेला नाही. तो उपाशी आहे.”

मला ते नीट कळलं नाही.

“बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं. तुमच्या रक्तात ते जवळजवळ संपलंय. विसरणं, पायांच्या मुंग्या, जीभ सोलणं, हे सगळं त्याचंच. बरं झालं आत्ताच आलात. आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर गेलेलं परत आणणं अवघड होतं. इंजेक्शनं देते. पण इंजेक्शनानं नुसती टाकी भरते. रोजचा नळ ताटातून चालू व्हायला हवा. दोन वेळा जेवायचं. उपासाला साबुदाणा, बटाटा, पुन्हा साबुदाणा, यानं पोट भरतं, मेंदूला काही पोचत नाही. मोड आलेले मूग, पालेभाजी, जवसाची चटणी, दोनचार अक्रोड. आणि मुख्य म्हणजे दूध, दही, ताक. तुम्ही मांसाहार करत नाही, म्हणजे तुमच्यासाठी हे जीवनसत्त्व दुधातच.”

मी ऐकत होते. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. चातुर्मासात आम्ही ज्या क्रमानं सोडतो, जवळपास तेच सगळं ती मुलगी मला परत घ्यायला सांगत होती.

“बाकीचं बघते,” मी म्हणाले. “दूध नाही चालणार.”

“पचत नाही?”

“सोडलंय.”

“कधीपासून?”

“हे गेले त्यानंतर. गयेला.”

तिनं पेन खाली ठेवलं. गयेला श्राद्ध झाल्यावर अक्षयवटाखाली एक आवडीची गोष्ट कायमची सोडायची असते, हे तिला माहीत नसावं, म्हणून मी सांगितलं. आमच्याबरोबरच्या बायका हुशार. कुणी कारलं सोडलं, कुणी सुरण सोडला. भटजींनी मला विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दूध.” हे रोज संध्याकाळी जेवणानंतर पेलाभर दूध प्यायचे आणि शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवायचे. ही गोष्ट मी डॉक्टरणीला सांगितली नाही. दुधाबरोबर दही, ताक, चहा सगळंच गेलं. फक्त तूप ठेवलं, देवाच्या निरांजनासाठी.

“मग त्यांना विचारायचं का?” डॉक्टरीण म्हणाली. “म्हणजे, जे कुणी असं सोडायला सांगतात, त्यांना? परत घ्यायची काही रीत असेलच ना?”

ती मला हसली नाही, की रागावली नाही. म्हणूनच मी काणेगुरुजींना फोन केला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “देहाला अपाय होत असेल तर सोडलेलं परत घेता येतं. पण अर्धवट टाकू नका, उद्यापन करा. एक दांपत्य जेवायला बोलवा. जे सोडलंय तेच त्यांना आधी वाढा. ते जेवून उठले की मग तुम्ही घ्या.”

“दांपत्य कुणाला बोलावू?”

“अहो, मिरजेत दांपत्यांना काय तोटा?”

मी फोन ठेवला आणि विचार करत बसले. वरच्या मजल्यावरचे दोघं बँकेत, रात्री उशिरा यायचे. माझ्या मैत्रिणींपैकी ज्यांचे यजमान होते त्या पुण्याला मुलांकडे गेलेल्या, आणि ज्या इथे होत्या त्या माझ्यासारख्या. ज्यांच्याकडे हक्कानं ‘जोडीनं या’ म्हणावं असं एकही घर मला आठवेना. हे आठवेना ते विसरण्यामुळे नव्हे. तसं घर नव्हतंच.

शेवटी सांगलीला माझा पुतण्या, शैलेश, त्याला फोन केला. “अगं काकू, त्यात काय! शुक्रवारी दुपारी येतो दोघंही. गौरी म्हणतेय, तुझ्या हातची खीर खाऊन किती दिवस झाले.”

शुक्रवार. म्हणजे मृदुला यायच्या दोन दिवस आधी. मला वाटलं, उद्यापन झालं, दूध सुरू झालं, की मृदुलाला छातीठोकपणे सांगता येईल की मी इथेच राहणार, मला कुठल्या जागेची गरज नाही. न झालं तर माझ्याजवळ तिला सांगायला काही नव्हतं. नुसत्या इंजेक्शनांवर ती मला एकटं ठेवायची नाही, आणि तिचं चुकत होतं असंही नाही.

अक्कांनाही जेवायला बोलावलं. “पण दांपत्याच्या नंतर हं, अक्का.”

“चालतंय की. फकस्त दिवस असूस्तवर बसवा मला. आणि तुमचं ते बटाटं-बिटाटं नको.”

मग आम्ही दोघींनी मिळून बेत ठरवला. दही द्यायचं म्हणून डाळ नको; दह्याबरोबर डाळ अक्कांना चालत नाही. कांदा मला नको, कंद त्यांना नकोत, शिळं दोघींनाही नको. “तुमच्या-माझ्या दोघींच्या चाळणीतनं खाली काय पडतंय का बगू,” अक्का म्हणाल्या. खाली पडली ती दोडक्याची भाजी, काकडीची खोबरं घातलेली कोशिंबीर, पुऱ्या, शेवयांची खीर आणि दहीभात.

शुक्रवारी मी पहाटेच उठले. किती वर्षांनी घरात दूध तापत होतं. त्या वासानं मी मधूनच थांबायची आणि खिडकीशी जाऊन यायची. काय झालं, काय राहिलं, ते लक्षात राहावं म्हणून मी मोठ्यानं बोलत होते. “खिरीत साखर घातली. भात उपसला.” अक्का मधूनमधून डोकावत होत्या. त्यांनीही सकाळपासून नुसतं पाणीच घेतलं होतं. उद्यापनाचं जेवायचं म्हणजे पोट रिकामं हवं, म्हणाल्या.

दोन पाट मांडले. भोवती रांगोळी काढली. समया लावल्या. एक वाजता शैलेशचा फोन आला. “काकू, ऑफिसात जरा अडकलोय. चारपर्यंत पोचतो.” चार वाजता पुन्हा वाजला. “काकू, नाही गं जमत. गौरीलाही बरं नाहीये. असं कर, प्रसाद म्हणून बाजूला काढून ठेव, मी रविवारी येऊन नेतो. चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणाले. मी नेहमी असंच म्हणते.

पुऱ्या केव्हाच गार झाल्या होत्या. मी पाटांसमोर भिंतीला टेकून बसले. पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि आदल्या दिवशीचं विचाराल तर कोण जाणे. डोकं हलकं हलकं झालं होतं. मला वाटलं, हेही देवाच्याच मनात असेल. दूध घेऊ नये असं त्याच्या मनात असेल, म्हणूनच जोडपं आलं नाही.

अक्का आल्या. दोन रिकामे पाट पाहिले, मग मला पाहिलं. माझ्याशेजारी भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसल्या.

“येत न्हाईत व्हय?”

“नाही.”

खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा दिसायचा. सरत्या कार्तिकातला दिवस, लवकर कलणारा. पत्र्यावरचं ऊन पिवळं होत होतं.

“अक्का, तुम्हाला वाढते,” मी उठत म्हणाले. “तुमची वेळ होईल.”

“आणि तुम्ही?”

“दांपत्य जेवल्याशिवाय मला नाही घेता येणार.”

“मग मीबी न्हाई घेत.”

“असं काय करता? सकाळपासून उपाशी आहात. दिवस मावळला की तुम्हाला उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.”

“म्हाईत हाय मला. माझाच नेम हाय, मला काय सांगतासा?” त्या तशाच पाय पसरून. “तुमचा नेम तुमच्याकडं, माझा माझ्याकडं. बसू दोघी. बगू कुणाचा मोडतोय.”

“अक्का, तुम्हाला गोळ्या घ्यायच्या असतात रात्री.”

“घेणार न्हाई. पाणीच न्हाई तर गोळी कशी घ्यायची?”

“उगीच हट्ट करताय तुम्ही.”

“व्हय. तुमच्याकडनंच शिकलो.”

मी पुन्हा खाली बसले. ऊन पत्र्यावरून सरकून वरच्या पाण्याच्या टाकीवर गेलं होतं. अक्कांचे ओठ कोरडे पडले होते. त्या मधूनमधून ओठांवरून जीभ फिरवत होत्या. त्या लपवत होत्या, पण मला दिसत होतं. माझ्या घरी उद्यापनाला बोलावलेलं माणूस, आणि ते माझ्यामुळे उपाशी निघालं होतं. हे कुठल्या व्रतात बसत होतं? मी मनातल्या मनात देवाला विचारलं. तो तसा कधीच घाईनं उत्तर देत नाही. पण टाकीवरचं ऊन काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

“उठा,” मी म्हणाले.

“तुम्ही बसणार असाल तर.”

“बसते. उठा लवकर.”

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पाटांपाशी जाऊन थबकल्या. “यातला नवऱ्याचा कुठला आणि बायकोचा कुठला?”

“बसा कुठल्याही.”

“मग मी नवरा,” असं म्हणून त्या उजवीकडच्या पाटावर बसल्या. “मला मिशा बी हायत जरा जरा.”

मी वाढलं. वाढण्यात काही चुकलं नाही. मीठ, कोशिंबीर, भाजी, खीर, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. दोन्ही ताटांत सगळ्यात आधी खीर आणि दहीभात वाढला. देवाला हात जोडले. काय म्हणावं ते सुचेना. स्तोत्राच्या त्या निसटणाऱ्या ओळीपर्यंत जावं असंही वाटलं नाही. मग नुसतीच बसले.

अक्का जेवू लागल्या. पहिला घास दहीभाताचा, मग खिरीची वाटी उचलून तोंडाला लावली. मीही घास घेतला. गार, आंबट. आंबटपणा जिभेवरच्या सोललेल्या जागांना झोंबला. घास तोंडात तसाच राहिला. तो पुढेही जाईना, मागेही येईना. मला पेला दिसत होता, पितळेचा, तळाशी एक घोट राहिलेला.

“गिळा,” अक्का म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. “तोंडात धरून बसू नका. भाऊ काय म्हणणार न्हाईत. उलट म्हणतील, एवढी वर्षं माझा घोट सांडला.”

मी चमकून पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. कितींदा सांगितलासा. विसरलासा, एवढंच.”

मी घास गिळला. मग दुसरा घेतला. आणि मग असं झालं की माझं मलाच कळेना. मी भराभर जेवू लागले, लहान मुलासारखी, भाताला दही, दह्याला भात. अक्कांनी आपल्या हातानं पातेल्यातलं आणखी दही माझ्या पानात घातलं. वाढणाऱ्याचं लक्ष असतं तसं त्यांचं एक लक्ष माझ्या पानाकडे होतं आणि दुसरं खिडकीकडे.

“एक इचारू वैनी? सोमवार, प्रदोष, संकष्टी, एकादशा, आणि त्यावर एकभुक्त. एवढं सगळं कशापायी?”

मी तोंड उघडलं. देवासाठी, असं म्हणणार होते. ते खोटंही नव्हतं.

“संध्याकाळी कुकर लावायचा नसतो,” मी म्हणाले. “एका माणसाचा कुकर. वाटीभर तांदूळ धुवायचे, आणि एकटीनंच बसायचं. उपास असला की मग ते नसतं. आणि वाट बघायला काहीतरी असतं. चंद्राची, तिन्हीसांजेची.”

अक्का खाता खाता थांबल्या. मग वाटीत राहिलेली खीर बोटानं पुसून घेऊ लागल्या.

“मी तर उभ्यानंच खातो,” त्या म्हणाल्या. “कढईतनंच. ताट घेतलं की ताटापुढं बसावं लागतं.”

आता अक्का नाहीत. त्यानंतर आम्ही पाच हिवाळे एकत्र जेवलो, आणि आज हे सगळं मी क्रमानं सांगू शकते आहे, त्यातच काय ते आलं. रविवारी मृदुला आली ती मला न्यायला, आणि दोन दिवस राहून एकटीच परत गेली. पण ती सगळी नंतरची गोष्ट. त्या शुक्रवारी आम्हा दोघींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टाकीवरचं ऊन गेलं होतं, आकाशात अजून उजेड होता, आणि अक्का घाईघाईनं शेवटचं पाणी पीत होत्या.

हात धुऊन त्या दारापर्यंत गेल्या. चपला घालता घालता वळल्या.

“उद्यापासनं तुमच्यात का माझ्यात?”

“काय?”

“जेवण ओ. दिवस असताना बसायचं. उद्या मुगाची उसळ करतो मी. दही येगळ्या वेळेला, दुपारचं. साडेपाचला या.”

“अक्का,” मी म्हणाले, “मी विसरले तर?”

“दार वाजवतो की. कान तर शाबूत हायत न्हवं?”

त्या गेल्या. समोरचं दार लागल्याचा आवाज आला. मी आत येऊन खिडकीशी बसले. बाहेर दिवस अजून पुरता मावळला नव्हता. इतक्या लवकर जेवण आटोपल्यावर संध्याकाळ किती मोठी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. तीत चंद्राची वाट बघायची नव्हती, काही सोडायचं नव्हतं, काही धरायचं नव्हतं. मी नुसती बसून राहिले, आणि मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, साडेपाच, मुगाची उसळ, साडेपाच.